रुपयांतला एक आणा

गेल्या वैशाखांत आम्ही पेणेहून रोह्यास गेलों, तेव्हां आमच्या पिशवींत तीन कागद होते. एक सातबारा, दुसरी आमच्या पेणच्या घराची मिळकतपत्रिका आणि तिसरें एक हक्कसोडपत्र. त्याच्या शेवटच्या पानावर सहीपुरती जागा मोकळी ठेविलेली होती. सही आमच्या आत्याची व्हावयाची होती. पहिले दोन कागद आम्हीं केवळ सोबतीला घेतले होते, काम तिसऱ्याचेंच होतें. "चहाचा पेला निवण्याच्या आंत काम होईल," असें आमचा चुलतभाऊ म्हणाला होता, आणि खरें सांगावयाचें तर आमचीही समजूत तीच होती.

घराविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. पेण शहरांत आमच्या आजोबांचें कौलारू घर आहे. ओटी, पडवी, माजघर, मागें विहीर आणि विहिरीपलीकडे एक रायवळ आंबा, एवढाच त्याचा थाट. शेजारच्या आळींत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. मांडवाखालीं बिनरंगाच्या मूर्ति ओळीनें बसलेल्या असत. त्यांच्या डोळ्यांची आंखणी सर्वांत शेवटीं होते, आणि लहानपणीं त्या अद्याप डोळे न उघडलेल्या गजाननांची आम्हांस थोडी भीतिच वाटे. घराखेरीज खाडीच्या अंगास थोडी भातजमीन आहे. आजोबा १९६८ सालीं वारले. त्यांच्या मागें आजी, दोन मुलगे व एक मुलगी. थोरले ते आमचे काका, धाकटे आमचे वडील, आणि मधली आत्या. ती त्यापूर्वींच रोह्यास सासरीं गेली होती. वाटणी कधीं झाली नाहीं, आणि व्हावी असें कोणास वाटलेंही नाहीं. काका घर व शेत पाहत, वडील मुंबईस नोकरी करून मनिऑर्डर पाठवीत, आणि गणपतीस सर्व मंडळी एका पंक्तीला बसत. ज्या साली कुलाबा जिल्ह्याचें नांव रायगड झालें त्याच साली, म्हणजे १९८१ मध्यें, आजी गेली. पुढें वडील गेले, मागोमाग काकाही गेले. आतां त्या घराला वर्षांतले अकरा महिने कुलूप असतें.

जानेवारी २०२४ मध्यें अटल सेतु खुला झाला, आणि तेव्हांपासून पेणेच्या बाजूस जमिनीचे भाव विचारीत हिंडणाऱ्या मंडळींची वर्दळ फार वाढली आहे. त्यांतला एक दलाल आमच्या भावास भेटला. भावाच्या डोक्यावर मुलाच्या शिक्षणाचें कर्ज होतें. केवळ लोभानें तो विकावयास निघाला असें कोणी समजूं नये. दलालानें प्रथम एक निराळीच युक्ति सुचविली. "तुम्ही आपला हिस्सा तेवढा आम्हांस लिहून द्या, बाकीच्यांचें आम्ही पाहून घेऊं." हें ऐकून आमचे वकील हंसले, आणि त्यांनीं आम्हां दोघांस समोर बसवून सामाईक मिळकतीचा धडा दिला. पन्नाशी उलटलेल्या दोन गृहस्थांना आपण ज्या घरांत जन्मलों त्या घराचे आपण कशा प्रकारचे मालक आहों हें त्या दिवशीं प्रथम कळलें.

एकत्र कुटुंबांत प्रत्येकजण प्रत्येक विटेचा मालक असतो, आणि वाटणी होईपर्यंत एकही वीट कोणास "ही माझी" म्हणून दाखवितां येत नाहीं. जो कर्ता म्हणून वावरतो त्यालाही मोकळीक नाहीं. कुटुंबाची खरी गरज अथवा हित असेल तरच त्यानें केलेली विक्री इतरांस बांधते, आणि तशी गरज होती हें दाखविण्याचा भार घेणाऱ्यावर पडतो. आपला अविभक्त हिस्सा परस्पर विकण्याची मुभा मिताक्षरेच्या इतर पुष्कळ प्रांतांत नव्हती. आमच्या मुंबई इलाख्यांत ती पूर्वींपासून आहे, पण मोल घेऊन. फुकट बक्षीस म्हणून तो हिस्सा देतां येत नाहीं. बरें, विकत घेणाऱ्याच्या हातीं काय येतें? खोली नव्हे, ओटी नव्हे, विहिरीचें पाणीही नव्हे. केवळ "मला वाटणी करून द्या" असें म्हणण्याचा अधिकार. मिळकत राहत्या घराची असेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याचें कलम ४४ त्या परक्यास घरच्यांबरोबर राहूं देत नाहीं. आणि त्यानें वाटणीचा दावा लाविलाच तर १८९३ च्या विभाजनाच्या कायद्याचें कलम ४ घरच्या माणसाला त्याचा हिस्सा न्यायालयानें ठरविलेल्या किंमतीस विकत घेऊं देतें. म्हणजे परका मनुष्य दारापर्यंत येऊं शकतो. उंबरठा ओलांडावयाचा तर त्याला न्यायाधीशास बरोबर घेऊन यावें लागतें, आणि तेथेंही घरच्यानें पैसे मोजले तर आल्या वाटेनें परतावें लागतें.

भावाला हें सर्व जाच वाटलें. "आपलेंच घर, आणि आपल्यालाच विकतां येत नाहीं!" असें तो दोनदां म्हणाला. वकिलांनीं उत्तर न देतां सातबारा हातीं घेतला आणि आमच्या काकांच्या नांवापुढील तीन अक्षरांवर बोट ठेविलें. "ए. कु. मॅ." एकत्र कुटुंब मॅनेजर. जुन्या नोंदींतून हीं अक्षरें पुष्कळ ठिकाणीं आढळतात. "या तीन अक्षरांच्या मागें कोण कोण उभें आहे तें मला सांगा," ते म्हणाले. आम्हीं नांवें मोजलीं. आत्याचें नांव घेतांच त्यांनीं बोट उचललें. "मग त्यांची सही आणा."

पेणेहून रोह्याची गाडी कासू, नागोठणें, निडी अशी जाते. पेण सोडल्यावर कांहीं वेळ खिडकींतून खारजमिनी दिसतात. वैशाखांत त्या भेगाळलेल्या, पांढरट आणि उदास असतात. या खारींची जुनी वहिवाट आम्हांस त्या दिवशीं विशेष आठवली. पूर्वीं येथें शिलोत्री नांवाचा प्रकार होता. खाडीचें पाणी अडविणारा बाहेरचा बांध राखावा ही शिलोत्रीदाराची जबाबदारी, आणि त्याबद्दल जमीन कसणाऱ्यानें बिघ्यामागें ठरीव भात त्याला द्यावें, असा तो व्यवहार. दफ्तरांत नांव शिलोत्रीदाराचें. पण त्याच्या घरीं येणारें तें भात वस्तुतः बांधाचें होतें, आणि बांध सर्वांचा होता. भात घेऊन बांध विसरणारेही निघालेच. बांधाला एके ठिकाणीं खांड पडली म्हणजे आंत शिरणारें खारें पाणी कोणाचा हिस्सा किती हें विचारीत बसत नाहीं. १९४८ व १९७९ च्या खारजमिनींच्या कायद्यांनीं ही काळजी पुढें मुख्यतः सरकारकडे गेली.

एकाच्या नांवामागें दुसऱ्यांचा हक्क लपण्याची ही तऱ्हा आमच्या जिल्ह्याच्या हाडींमांसीं खिळलेली आहे. खोती तरी दुसरें काय होती? वहींत खोताचें नांव, चिखलांत कुळाचे पाय. शेजारच्या अलिबाग तालुक्यांत चरी गांवच्या कुळांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं १९३३ पासून सहा वर्षें जमिनी पडीक ठेविल्या, उपास काढले, पण नांगर धरला नाहीं. १९३७ च्या सप्टेंबरांत डॉ. आंबेडकरांनीं खोती नष्ट करण्याचें विधेयक मुंबईच्या विधिमंडळांत मांडलें. त्यास यश यावयास १९४९ चा कायदा उजाडावा लागला. आणि कुळकायद्याप्रमाणें १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारा मालक ठरला. आमच्या आजोबांची मोठी जमीन त्याच दिवशीं गेली. आमच्या घरांत तो दिवस पुष्कळ वर्षें सुतकासारखा बोलला जाई. कुळाला मिळालेल्या अशा जमिनीच्या सातबाऱ्यावर "कलम ४३ च्या बंधनास पात्र" असा शेरा असे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून ती विकतां येत नसे, आणि २०१४ सालीं दहा वर्षें उलटलेल्या जमिनींस त्यांतून बरीच सूट मिळाली. काका त्या शेऱ्यास हंसत. "मालक केला, पण दावें लावून!" परंतु तें दावें नसतें तर पहिल्याच दुष्काळांत सावकारानें ती जमीन पुन्हा उचलली असती, हें त्यांच्याही लक्षांत असलें पाहिजे, पण कबूल करणें हा त्यांचा स्वभाव नव्हता.

गाडींत आणखी एक गोष्ट मनांत आली. विनोबांचा जन्म १८९५ सालीं आमच्याच पेण तालुक्यांत, गागोद्यास झाला. १९५१ पासून ते भूदान मागत देशभर पायीं हिंडले, तेव्हां जमीनवाल्यांस ते सांगत कीं, तुम्हांस पांच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा मला द्या. मागणी मोठी मार्मिक होती. वांटेकरी म्हणून घरांत शिरण्याचा हक्क त्यांनीं कोंकणच्या माणसास कळेल अशा भाषेंत मागितला. पण त्या संन्यस्त पुरुषालाही मुलगाच व्हावें लागलें. "मला तुमची एक मुलगी समजा" असें म्हणून त्या काळीं कोणाच्या दारांत उभें राहतें, तर हातावर साडी-चोळी पडती. जमीन पडती ना.

आत्या आतां ऐंशीच्या पुढें गेली आहे. रोह्यास धावीर महाराजांच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचें घर आहे. तिनें आम्हांस कोकम सरबत दिलें, घरच्या सगळ्यांची चौकशी केली, आणि विहिरीमागचा आंबा यंदा लागला कीं नाहीं हें विचारलें. मग आम्हीं कागद काढले. हक्कसोडपत्र तिनें बाजूस ठेविलें व सातबारा मागून घेतला. चष्मा पुसून ती तो वरून खालपर्यंत वाचूं लागली. गट नंबर वाचला, आकार वाचला, इतर हक्कांचा रकाना वाचला, पिकांचा रकानाही वाचला. मग मिळकतपत्रिका तशीच वाचली.

"अरे, ह्यांत मी कुठें?" तिनें विचारलें.

आम्हीं तीं तीन अक्षरें दाखविलीं. त्यांच्या मागें ती आहे असें समजाविलें.

"आणि आई?"

"तीही त्यांतच होती."

आत्या थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "आई गेली तेव्हां दादानें मला साडी-चोळी केली. मीं आपणहून विचारलें, सही कुठें करूं? दादा म्हणाला, तुझी सही लागतच नाहीं ग. मला वाटलें, किती मायेनें बोलतो आहे! चाळीस वर्षांनीं आतां तूं सही मागायला आलास. जो हक्क कुठें लिहिलाच नाहीं, तो मीं सोडावा कसा? आधीं नांव लावा. मग सही मागा."

"आत्या, नांव लावलें तरी शेवटीं सही द्यावयाचीच ना?"

"तें तेव्हां बघूं."

चहा निवून गेला होता.

परतीच्या गाडींत आम्हीं वकिलांनीं लिहून दिलेला हिशेब उघडला. वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं हाच हिशेब पडून असेल, म्हणून तो येथें मांडतों. मिळकत सोळा आणे धरावी. आजोबा १९६८ सालीं गेले तेव्हां १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें असें कल्पावयाचें कीं, त्यांच्या मरणाच्या आदल्या क्षणीं वाटणी झाली. तींत आजोबा, आजी व दोन मुलगे यांस चार चार आणे. आजोबांचे चार आणे मग आजी, दोन मुलगे व मुलगी यांच्यांत सारखे वांटले म्हणजे आत्यास एक आणा. ही रीत महाराष्ट्रांतूनच गेलेल्या मगदूम कुटुंबाच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९७८ मध्यें पक्की केली. पुढें आजी गेली. तिचे पांच आणे तिघां मुलांत वांटले गेले, आणि आत्याचे झाले दोन आणे आठ पै. १९९४ सालीं महाराष्ट्रानें मुलींस जन्मतः वांटेकरी केलें, पण आधींच लग्न झालेल्यांस वगळून. तो कायदा आत्याच्या दारावरून तसाच पुढें गेला. २००५ च्या सुधारणेनें ती अट काढली. तरी ज्यांचे वडील त्यापूर्वींच वारले त्या मुलींचें काय, हा वाद पंधरा वर्षें चालला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजीं विनीता शर्मा यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं वडील हयात असण्याची गरज नाहीं, आणि पूर्वींची ती कल्पिलेली वाटणी म्हणजे खरी वाटणी नव्हे. आमच्याकडे खरी वाटणी कधीं झालीच नव्हती. तेव्हां आत्याचा हिस्सा सरळ एक तृतीयांश, म्हणजे पांच आणे चार पै.

एक आण्याचे पांच आणे चार पै होत असतां रोह्याच्या त्या घरांत कोणी एक पोस्टकार्डही टाकलें नाहीं. आणि आमच्या वडिलांच्या वाट्याचे सहा आणे आठ पै होते त्यांतून एक आणा चार पै कमी झाले, हें गणित आम्हीं नागोठणें यावयाच्या आंत सर्वांत आधीं केलें, हेंही येथें कबूल केलें पाहिजे.

पुढील कांहीं दिवस आम्ही या नांवामागच्या नांवांचा विचार करीत होतों. इंग्लंडांत १९२५ च्या कायद्यापासून जमिनीची कायदेशीर मालकी जास्तींत जास्त चार नांवांवर राहते. खरा उपभोग कोणाचा व किती, हें पडद्यामागें ठेवितात. मात्र तेथील नोंदवहींत असा एक निर्बंध घालतां येतो कीं, एकट्या मालकानें विक्रीचे पैसे घेऊन पावती दिली तर ती चालावयाची नाहीं. पडदा आहे, पण पडद्यास घंटा बांधलेली आहे. तरी १९८० सालीं तेथील सरदारसभेस एका बँकेला बजवावें लागलें कीं, घरांत राहणाऱ्या बायकोचा हक्क केवळ तिचें नांव नोंदींत नाहीं म्हणून बुडत नाहीं. आपल्याकडे १९८८ च्या बेनामी व्यवहारांच्या कायद्यानें दुसऱ्याच्या नांवामागें लपणाऱ्या मालकाचें तोंड बंद केलें. परंतु एकत्र कुटुंबाकरितां कुटुंबातल्याच एकाच्या नांवावर असलेली मिळकत त्यानें मुद्दाम वगळली. लबाडीनें मागें राहिलेला आणि विश्वासानें मागें राहिलेला, हा फरक कायद्यास समजतो. तो काकांसही समजत होता असें आम्हांस अजून वाटतें. आत्याचें मन राखावें म्हणूनच ते तसें बोलले असतील. पण ज्यानें विश्वास टाकला त्याला कधीं विचारावयाचेंच नाहीं, ही संवय आमच्या घरांत तीन पिढ्या चालली, आणि तिसऱ्या पिढींत ती चालविणारे आम्हीच होतों.

वकिलांचें म्हणणें, नांव लाविल्यानें आत्यास नवें कांहीं मिळावयाचें नाहीं. सातबारा हा मालकीचा अखेरचा पुरावा नव्हे. १९६६ च्या महसूल संहितेचें कलम १५७ एवढेंच सांगतें कीं, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा दुसरी नोंद होईपर्यंत लिहिलेली नोंद खरी मानावी. तिचा हक्क कागदावांचूनही होताच. हें आम्हीं फोनवर आत्यास कळविलें. ती म्हणाली, "होता ना? मग लिहायला काय हरकत आहे?"

आम्हीं वारसनोंदीचा अर्ज केला. फेरफार निघाला, नोटिसा निघाल्या, हरकतीची पंधरा दिवसांची मुदत उलटली, आणि मंडळ अधिकाऱ्यांनीं नोंद प्रमाणित केली. "ए. कु. मॅ." हीं अक्षरें गेलीं, त्यांच्या जागीं आजोबांचे सर्व वारस आपापल्या नांवानिशीं आले. भाऊ पहिले दोन महिने आमच्याशीं बोलला नाहीं. दलालास तितका धीर नव्हता; त्यानें दुसरें घर पाहिलें. कर्जाचे हप्ते तूर्त आम्ही दोघे मिळून भरतों, आणि त्यानिमित्तानें कां होईना, दर महिन्यास एकदां बोलणें होतें.

नवा सातबारा घेऊन आम्ही भाद्रपदांत पुन्हा रोह्यास गेलों. हक्कसोडपत्र या वेळीं नेलें नाहीं. आत्यानें पुन्हा चष्मा पुसला, पुन्हा वरून वाचावयास आरंभ केला, आणि आपल्या नांवापाशीं येऊन ती थांबली. नांव होतें खरें, पण तें सासरचें. लग्नांत बदललेलें. अर्जांत आम्हींच तें तसें लिहिलें होतें. दुसरें आम्हांस सुचलेंच नव्हतें.

"ह्या नांवानें त्या घरांत मला कधीं कोणी हांक मारली नाहीं रे," ती म्हणाली.

आतां दोन्ही नांवांची बाई एकच, असें तिचें प्रतिज्ञापत्र करून दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. मधें "ऊर्फ" हा शब्द घालावयाचा आहे. तेवढें झालें कीं गणपतीच्या आधीं घराचीं कौलें परतून घ्यावीं, असें आत्याचें म्हणणें आहे. आणि त्या खर्चांतला आपला तिसरा हिस्सा तिनें आम्हांकडे आगाऊ देऊनही टाकला आहे.